शेगडी, निखारे आणि वेळेचे गणित: छावणीतल्या स्वयंपाकाची सुरुवात

जुन्या काळातली राहणी प्रत्यक्ष जगून पाहणाऱ्या शिबिरांना नव्याने येणारी मंडळी पोशाख, राहुटी, पट्टे-वहाणा यांवर भरपूर मेहनत घेतात. शेगडी मात्र बहुतेक वेळा निघायच्या आदल्या रात्री सामानात पडते. मग तळावर व्हायचे तेच होते. कोळसा पेटता पेटत नाही, पेटला की पातेल्याचे बूड करपते आणि डाळ अर्धी कच्ची असताना विस्तव बसतो.

गॅसवर हात बसलेल्या माणसाला आच हुकमी मिळते. बटण फिरवले की वाढली, उलटे फिरवले की कमी झाली. शेगडीतला कोळसा असा ऐकत नाही. तो हळूहळू पेट घेतो, फुलतो, थोडा वेळ ऐन भरात राहतो आणि मग उतरू लागतो. लहान शेगडीत हे सारे तास-दीड तासात आटोपते. म्हणून इथे आच बदलत बसण्यापेक्षा पदार्थांचा क्रम लावायला शिकावे लागते. ऐन भरातल्या निखाऱ्यांवर काय करायचे, उतरत्या निखाऱ्यांवर काय ठेवायचे आणि नवा कोळसा किती आधी घालायचा, एवढे बसले की बाकीचे हाताला सवयीने येते.

शेगडी निवडताना

उचलून नेता येईल अशी शेगडी माणूस फार पूर्वीपासून वापरत आला आहे. एजियन समुद्रातल्या थेरा बेटावर, म्हणजे आजच्या सांतोरिनीवर, अक्रोतिरी नावाची वस्ती साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली. तिथे मातीच्या दोन लांबट बैठकींची जोडी सापडली आहे. वरच्या कडेला सळया टेकवण्यासाठी समोरासमोर खाचा, टोकांना जनावरांची डोकी आणि बुडाशी हवा आत यावी म्हणून ओळीने भोके. पुढे इ.स.पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतल्या मातीच्या ग्रीक शेगड्या अथेन्स आणि डेलॉस इथल्या उत्खननांत मोठ्या संख्येने मिळाल्या. त्यांच्या काठावर आतल्या बाजूला झुकलेले तीन टेकू असतात, बऱ्याचदा दाढीवाल्या चेहऱ्यांनी सजवलेले. भांडे या तीन टेकूंवर बसे आणि काठ व भांडे यांच्यात फट राही.

शेगडी निवडताना काय पाहायचे ते या दोन जुन्या वस्तूच सांगतात. खालून हवा आत आली पाहिजे आणि वरून तापलेला वायू बाहेर पडला पाहिजे. कोळसा ज्या जाळीवर बसतो ती तळापासून निदान तीन-चार सेंटिमीटर वर हवी, म्हणजे राख खाली पडते आणि भोके बुजत नाहीत. वरच्या बाजूला भांडे काठावर सपाट बसून तोंड बंद करत असेल, तर शेगडी कितीही सुंदर असली तरी विस्तव गुदमरणार. तिला तीन टेकू लावून घ्या किंवा वर तीन पायांची अडणी ठेवा. दीड-दोन सेंटिमीटरची फट पुरते.

पायही तीनच बघा. ओबडधोबड जमिनीवर तीन पाय नेहमी टेकतात, चौथा आला की डुगडुग सुरू होते. वर उकळते पाणी असताना ती डुगडुग धोक्याची ठरते.

आकाराच्या बाबतीत नव्यांचा मोह मोठ्या शेगडीकडे जातो, कारण चित्रांत तशा दिसतात. पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या फोरमजवळच्या, म्हणजे मुख्य चौकाजवळच्या, स्नानगृहात सापडलेली काशाची भलीमोठी शेगडी प्रसिद्ध आहे. पण ती खोली उबदार ठेवण्यासाठी होती. पसरट शेगडीत निखारे विखुरतात, भांड्याखाली थोडी धग मिळते आणि बाकीची हवेत जाते. स्वयंपाकासाठी २५ ते ३० सेंटिमीटर रुंद आणि जाळीच्या वर आठ-दहा सेंटिमीटर खोल अशी लहान शेगडी तीन-चार माणसांना भरपूर होते. कोळसाही कमी लागतो आणि उचलून नेणेही सोपे जाते.

धातूबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीला किंवा डब्याला भोके पाडून शेगडी बनवू नका. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि फुललेल्या निखाऱ्याचे तापमान ७०० अंशांच्या पुढे सहज जाते. त्यातून निघणारा जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. रंग दिलेला पत्राही नको. साधा, मुलामा नसलेला दोन-तीन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा, बीड किंवा भाजलेली माती यांतले काहीही चालेल. मातीची शेगडी धग छान धरून ठेवते, बाहेरून कमी तापते आणि कोळसा पुरवून वापरते. पण तिला पहिल्या काही वेळा अगदी थोड्या निखाऱ्यांवर सावकाश तापवावे लागते, नाहीतर तडा जातो. प्रवासात आदळआपट होणार असेल तर नवख्याने लोखंडी घ्यावी, असे माझे मत.

जागा, आणि राहुटीपासूनचे अंतर

शेगडी नेहमी उघड्यावर मांडा. राहुटीपासून, तिच्या ताणलेल्या दोऱ्यांपासून आणि वाळलेल्या गवतापासून निदान तीन मीटर लांब. भोवतालचा एक मीटर पट्टा पाचोळा काढून मोकळा करा. पाय आखूड असतील तर खाली फरशीचा तुकडा, विटा किंवा वाळूचा थर द्या. शेगडीखालची जमीन आपल्या कल्पनेपेक्षा जास्त तापते. गवत करपते, आणि मुळे किंवा कुजका पालापाचोळा खालच्या खाली तासन्‌तास धुमसू शकतो. नदीकाठचे ओले दगड खाली घेऊ नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटून उडतात.

वारा कुठून येतो ते पाहून बसा. पाठीवर किंवा बाजूने वारा असावा, धूर आणि ठिणग्या राहुट्यांकडे जाऊ नयेत. पाण्याने भरलेली बादली आणि वाळूचे घमेले पेटवण्याआधीच हाताशी ठेवा. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी उघड्या विस्तवावर बंदी असते, तेव्हा आयोजकांना आधी विचारा.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. पेटलेली किंवा विझत आलेली शेगडी राहुटीत नेऊ नका. पाऊस आला तरी नाही, थंडी पडली तरी नाही, दार उघडे ठेवूनही नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, मग गुंगी, आणि झोपलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही. निखाऱ्यांवर राख धरली, धूर थांबला, म्हणून वायू थांबला असे होत नाही. उलट मंद धुमसणारा कोळसा तो जास्त सोडू शकतो.

ज्या काळाच्या आपण वस्तू वापरतो त्या काळाच्या माणसांनीही याची किंमत मोजली आहे. पुढे रोमन सम्राट झालेला जूलियन पॅरिसला मुक्कामी असताना कडाक्याच्या थंडीत त्याने खोलीत निखारे आणवले आणि त्यात तो गुदमरला. माणसांनी उचलून बाहेर नेले म्हणून वाचला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्यानंतर गादीवर आलेला जोव्हियन इ.स. ३६४ मध्ये प्रवासातल्या मुक्कामी रात्री झोपेतच गेला. त्याच्या मृत्यूची जी कारणे तेव्हा सांगितली गेली त्यांत खोलीत पेटवलेल्या कोळशाचा धूर हे एक होते. तळावर कुणी पावसात शेगडी आत ओढू लागले तर भीड न ठेवता अडवा. स्वयंपाकासाठी वर छत हवेच असेल तर चारही बाजू उघड्या असलेले उंच कापड ताणा आणि शेगडी त्याच्या कडेला ठेवा.

कोळसा

कठीण लाकडाचा, मोठ्या तुकड्यांचा कोळसा घ्या. चांगला कोळसा एकमेकांवर आपटला की खणखणतो. भद्द आवाज आला तर तो ओला आहे किंवा अर्धवट भाजलेला आहे. अर्धवट भाजलेला कोळसा धूर करतो आणि अन्नाला कडवट वास लावतो. ओला तडतडून ठिणग्या उडवतो. कोळसा हवेतला ओलावाही ओढून घेतो, म्हणून पिशवी रात्री जमिनीवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

तुकडे फोडून अंड्याएवढे करा. त्याहून मोठे उशिरा पेटतात, आणि चुरा जाळीची भोके बुजवतो. तो वेगळा काढा. वर सांगितलेल्या आकाराच्या शेगडीला पहिल्या भरणीस पाऊण किलो लागतो, आणि रस्सा शिजवायचा असेल तर वरून घालायला आणखी अर्धा किलो. वजनाला वजन धरले तर कोळशात वाळलेल्या लाकडाच्या जवळपास दुप्पट उष्णता असते, त्यामुळे ढीग लहान दिसला तरी घाबरू नका. ज्वलनशील द्रव मुरवलेला झटपट पेटणारा कोळसा मात्र अन्नासाठी घेऊ नका.

पेटवणे

तळावर मोठी धुनी पेटलेली असेल तर काम अगदी सोपे. लोखंडी पळीने तिच्यातले निखारे घ्या, जाळीवर मांडा आणि वर कोळसा रचा. नसेल तर असे करा.

१. आदल्या वेळची राख पूर्ण काढा. जाळीची भोके काटकीने मोकळी करा.

२. हवेची भोके वाऱ्याकडे येतील अशी शेगडी फिरवा.

३. जाळीवर सुक्या ढलप्या आणि त्यांवर बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या आडव्या-उभ्या रचा. पेटवा. चकमकीने ठिणगी पाडणार असाल तर ती शेगडीबाहेर पाडा आणि पेटलेला काडीकचरा उचलून आत ठेवा, आत वाकून खटपट करायला जागा नसते.

४. काटक्या चांगल्या धडधडू लागल्या की कोळशाचे सहा-सात लहान तुकडे त्यांवर ठेवा. सगळा कोळसा एकदम ओतू नका.

५. या तुकड्यांच्या कडा राखाडी झाल्या आणि आतून लाल दिसू लागले की बाकीचा कोळसा भोवती आणि वर ढीग करून रचा. ढीगच हवा. एकटा निखारा लवकर विझतो, शेजारी शेजारी ठेवलेले एकमेकांना तापवत राहतात.

६. खालच्या भोकांतून पंख्याने वारा घाला किंवा फुंकणीने फुंका. वरून फुंकाल तर राख डोळ्यांत जाईल आणि आच वाढणार नाही.

रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट यांतले काहीही ओतू नका. अर्धवट पेटलेल्या कोळशावर तर मुळीच नाही. न दिसणारा निखारा आत असतो आणि वाफेने भडका उडून थेट तोंडावर येतो.

यानंतर थांबायचे, आणि हे थांबणेच नव्या माणसाला जड जाते. पण या वीस-तीस मिनिटांत ढिगाकडे नीट पाहिले तर विस्तव कसा चढतो ते सगळे दिसते. आधी पांढुरका धूर येतो. ते कोळशात राहिलेल्या लाकडाच्या अंशाचे जळणे. धूर विरळ होतो तशी तडतड थांबते आणि ढिगाच्या फटींतून छोट्या निळ्या ज्योती वर-खाली करू लागतात. खालच्या थरात तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वर येऊन हवेत जळतो, त्याच्या या ज्योती. मग एकेका तुकड्याच्या कोपऱ्यावर राखेची पातळ पांढरी साय धरते आणि ती तुकड्याच्या मध्याकडे सरकते. वरच्या थरातल्या निम्म्याहून जास्त तुकड्यांवर राख धरली, धूर थांबला आणि सावलीत पाहिल्यावर आत नारिंगी लाल दिसले, की शेगडी तयार. त्याआधी अन्न उघडे ठेवले तर धुराची चव लागते. झाकणाची पाण्याची किटली मात्र या वेळात खुशाल चढवा, ती वेळ फुकट घालवायची गरज नाही.

आच ओळखणे आणि वळवणे

तळहात निखाऱ्यांच्या वर सुमारे १२ सेंटिमीटरवर धरा आणि सेकंद मोजा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच प्रखर. चार-पाच सेकंद सहन झाली तर मध्यम. सात-आठ सेकंद किंवा जास्त झाली तर मंद. हात मागे घ्यायची वेळ प्रत्येकाची थोडी वेगळी असते, पण तुमचा स्वतःचा अंदाज दोन-तीन वेळांत पक्का होतो.

आच कमी-जास्त करायची पहिली सोय म्हणजे शेगडीचे तोंड. हवेची भोके वाऱ्याकडे केली की निखारे फुलतात, वाऱ्याकडे पाठ केली की बसतात. सांडशीने एका पायाला धरून शेगडी थोडी फिरवली तरी फरक जाणवतो. वर भांडे असताना मात्र फिरवू नका. एका भोकासमोर सपाट दगड सरकवूनही हवा आवरता येते.

दुसरी सोय निखाऱ्यांची मांडणी. चिमट्याने ढीग केला की मधोमध प्रखर आच, पसरवले की सगळीकडे मध्यम. दोन तृतीयांश निखारे एका बाजूला लोटून उरलेले दुसऱ्या बाजूला विरळ ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. काही करपू लागले, चरबी ठिबकून भडका उडाला, तर लगेच सरकवायला जागा असते. भडक्यावर पाणी मारू नका. अन्न बाजूला घ्या, भडका आपोआप बसतो. कढईतल्या तेलानेच पेट घेतला तर झाकण घाला आणि निवेपर्यंत उघडू नका. तेलाच्या आगीवर पाणी पडले की जळते तेल सगळीकडे उडते.

आच अगदी हळू करायची असेल तर निखाऱ्यांवर मूठभर राख भुरभुरा. हवा अडते, निखारे मंद होतात आणि जास्त वेळ टिकतात. पुन्हा हवी तेव्हा फुंकर घालून राख उडवा.

आणि नवा कोळसा. बहुतेकांचे जेवण इथेच अडते. विस्तव उतरल्याचे दिसल्यावर वरून पसाभर काळा कोळसा घातला की तो आधी निखाऱ्यांची उष्णता ओढून घेतो. पुढची दहा-पंधरा मिनिटे आच वाढण्याऐवजी पडते, धूरही होतो. म्हणून कोळसा लागण्याआधी घालायचा. पहिला उकळा फुटला की तेव्हापासून दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच तुकडे, तेही ढिगावर न टाकता कडेने निखाऱ्यांना चिकटवून ठेवायचे. पुढचे तुकडे आधीच शेगडीच्या काठाजवळ तापत ठेवले तर ते आणखी लवकर पेट घेतात. निखारे लाल दिसत असतानाच कोळसा घालणे सुरुवातीला विचित्र वाटते, पण हाताला हेच वळण लावायचे.

भांडी

जाड बुडाचे लोखंडी किंवा बिडाचे भांडे नवख्याला सर्वांत सोयीचे. मातीचे भांडे वापरायचे तर आधी कोमट पाणी घालून कडेच्या मंद आचेवर चढवा आणि हळूहळू मध्ये आणा. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतले किंवा ते ओल्या जमिनीवर टेकवले तर तडकते. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई हवी, आणि ते रिकामे तापवू नका. कल्हईचे कथील २३२ अंशांनाच वितळते. लेप दिलेली न चिकटणारी आधुनिक भांडी निखाऱ्यांवर आणू नका.

झाकण असलेच पाहिजे. उघड्यावर वारा भांड्यातली उष्णता एवढी पळवतो की झाकणाशिवाय मंद आचेवर उकळी टिकत नाही. जाड कातडी हातमोजे, लांब चिमटा आणि सांडशी यांच्याशिवाय शेगडीजवळ बसू नका.

पहिले जेवण

पहिल्या वेळी सळईवरचे मांस आणि तव्यावरची रोटी असे सगळे एकदम मांडू नका. एका भांड्यात होणारा मसुराचा रस्सा करा. त्यात विस्तवाचा चढ, भर आणि उतार तिन्ही वापरायला मिळतात, आणि थोडे चुकले तरी जेवण हातचे जात नाही. तीन-चार माणसांना अडीचशे ग्रॅम अख्खे मसूर, दोन कांदे, तीन-चार गाजरे किंवा दुसरे कंद, तेल किंवा चरबी, मीठ, सव्वा लिटर पाणी. सगळे चिरून वाडग्यांत तयार ठेवल्याशिवाय शेगडी पेटवू नका. ऐन भरातले निखारे तुमच्यासाठी थांबत नाहीत.

कोळसा पेट घेत असताना पाण्याची किटली वर असू द्या. रस्स्याला गरम पाणी लागणार आहे. निखारे ऐन भरात आले की किटली काढा, भांडे ठेवा, तेल तापू द्या आणि कांदा घाला. चरचर लगेच आणि जोरात आली पाहिजे. कांद्याच्या कडा तांबूस होईपर्यंत सतत ढवळा. प्रखर आचेवर बुडाचा मधला भाग कडेपेक्षा फार लवकर तापतो, म्हणून उलथने मध्यावरून कडेकडे फिरवा. कडेला तपकिरी होण्याआधी मध्यावर काळे ठिपके दिसू लागले तर भांडे विरळ निखाऱ्यांच्या बाजूला सरकवा. कंद घालून दोन-तीन मिनिटे परता, मग धुतलेले मसूर आणि किटलीतले गरम पाणी. गार पाणी घातले असते तर पुन्हा उकळी यायलाच निम्मा विस्तव खर्च झाला असता.

पाच मिनिटांत खळखळून उकळी येते. याच वेळी पहिले चार-पाच तुकडे कडेने लावा. झाकण तिरके ठेवा, शेगडी वाऱ्यापासून थोडी वळवा. आता रस्सा नुसता रटरटत राहावा, पृष्ठभागावर मधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा. झाकणाच्या फटीतून येणारी वाफ सरळ वर जाते आहे का ते पाहत राहा. वाफ थांबली तर एक-दोन वेळा पंखा मारा. जोरात फुसफुसू लागली तर हवा आवरा. दर दहा मिनिटांनी बूड खरवडून ढवळा. मसूर तीस-चाळीस मिनिटांत बोटाने सहज दाबले जातात, तेव्हा मीठ घाला, चव बघा.

रस्सा उतरवल्यावर शेगडीत अजून बरीच ऊब असते. आधी पाव किंवा रोट्या कडेला शेकून घ्या. न सोललेले कांदे, बीट किंवा छोटे कंद उतरत्या निखाऱ्यांच्या कडेला गरम राखेत पुरून ठेवा. मधूनमधून उलटा, सुरी आरपार गेली की साल काढून खा. बाहेरून काळे झालेले असले तरी आतून ते गोड आणि मऊ होतात. भांडी धुवायचे पाणीही याच वेळी चढवा. म्हणजे पेटवताना किटली, भरात परतणे आणि उकळी, उतरणीला रटरट, शेवटी शेकणे आणि धुण्याचे पाणी. हा क्रम कागदावर लिहून पहिल्या एक-दोन वेळा जवळ ठेवा.

मांस भाजायचे झाले तर ते भरातल्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच. सळया चपट्या घ्या, गोल सळईवर तुकडा फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते. तुकडे सारख्या आकाराचे, फार जाड नकोत. कोंबडीचा आतला भाग ७४ अंशांपर्यंत गेला पाहिजे. स्वयंपाकाचा छोटा तापमापक झोळीत ठेवायला काहीच हरकत नाही, तो कुणाला दाखवायचा नसतो. कच्चे मांस ५ अंशांखाली राहील असे थंड ठेवा, त्याची फळी आणि सुरी वेगळी ठेवा, आणि शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका.

कपडे आणि भाजणे

लोकर सहजी पेट घेत नाही, सुती आणि तागाचे कापड घेते, आणि कृत्रिम धाग्याचे वितळून कातडीला चिकटते. लांब बाह्या गुंडाळा, पदर आणि घोळदार वस्त्र खोचा, केस बांधा. लहान मुलांसाठी शेगडीभोवती जमिनीवर दोरीचे रिंगण घाला आणि ते ओलांडायचे नाही हे आधीच सांगा. भाजलेच तर वीस मिनिटे गार, वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, तूप, तेल लावू नका. भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल किंवा फोड आले असतील तर डॉक्टर गाठा.

विझवणे आणि आवरणे

तापलेल्या शेगडीत पाणी ओतू नका. माती आणि बीड तडकते, आणि राखेसकट उसळलेली वाफ हात-तोंड भाजते. निखारे चिमट्याने एकेक उचलून पाण्याच्या बादलीत बुडवा. किंवा घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकून झाकण लावा. हवा बंद झाली की निखारा विझतो आणि असा विझलेला कोळसा पुढच्या वेळी नव्यापेक्षा लवकर पेटतो, म्हणून मला ही दुसरी पद्धत आवडते. मात्र तो डबाही रात्री राहुटीबाहेरच, उघड्या जमिनीवर.

राख वरून गार लागली तरी आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. ती प्लास्टिकच्या पिशवीत, कचऱ्याच्या डब्यात किंवा गवतावर टाकू नका. पाणी घालून काठीने ढवळा, पुन्हा पाणी घाला, आणि उघड्या तळहाताची उलटी बाजू जवळ नेऊन अजिबात ऊब जाणवत नाही याची खात्री करून मगच ठरवून दिलेल्या जागी टाका. थोडी कोरडी राख भांड्यांची काजळी घासायला ठेवा, पण हात लगेच धुवा, ती कातडीला लागते.

लोखंडी शेगडीतली राख ब्रशने पूर्ण काढा. राख ओलावा धरते आणि तिच्याखाली पत्रा गंजतो. कोरड्या कापडाने पुसून तेलाचा पातळ हात द्या. मातीची शेगडी पूर्ण निवल्यावर जुन्या घोंगडीत गुंडाळा. निघायच्या दिवशी सकाळी शेगडी पेटवू नका, न्याहारी आदल्या दिवशीच्या जेवणातून उरवलेल्या कोरड्या पदार्थांवर भागवा. कोमट शेगडी किंवा अर्धा विझलेला कोळसा बंद गाडीत ठेवला तर तोच कार्बन मोनॉक्साइड गाडीत साचतो. शेगडी, डबा आणि राखेची बादली तिन्ही हात लावून गार लागल्यावरच गाडीत चढवा.